ठाणे-नवी मुंबईत काटेरी युफोर्बिया कसा वाढवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युफोर्बिया मिली हे मादागास्करचं काटेरी झुडूप. नर्सरीत कुणी त्याला नुसतं ‘युफोर्बिया’ म्हणतं, तर कुणी ‘क्राऊन ऑफ थॉर्न्स’. आपल्याकडच्या ग्रिलमध्ये, गच्चीवर ते जवळजवळ बारा महिने फुलतं. दगावतं ते बहुतेक वेळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्याचं मूळ आधीच्या महिन्यांत भरलेल्या मातीत असतं. म्हणून या पानावर माती आणि पावसाळा यांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

हे कॅक्टस आहे का?

नाही. हे एरंड, शेर आणि पॉइनसेटिया यांच्या कुळातलं आहे. फांदीला टाचणी टोचली की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंगाला टोचलं तर असा दुधासारखा चीक येत नाही. काट्यांच्या बुडाशी पाहिलं तरी फरक कळतो. कॅक्टसचे काटे कापसासारख्या बारीक गादीतून फुटतात, याचे काटे थेट सालीतून जोडीजोडीने येतात आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढतात. शिवाय याला खरी पानं असतात, फांदीच्या वरच्या कोवळ्या भागावर.

आपण ज्याला फूल म्हणतो त्यातल्या दोन रंगीत पाकळ्या खरं तर पानांचंच बदललेलं रूप आहे. खरी फुलं मधल्या पिवळसर ठिपक्यात दडलेली असतात. म्हणूनच हे ‘फूल’ कधी कधी महिनाभर टवटवीत दिसतं.

रेयुनियन बेटाचे गव्हर्नर बॅरन मिलियस यांनी १८२१ मध्ये हे झाड फ्रान्सला पोहोचवलं. १८२६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तेव्हा मिलियस यांच्याच नावावरून त्याला ‘मिली’ हे नाव मिळालं.

नर्सरीत छोट्या फुलांचा आणि मोठ्या फुलांचा असे दोन प्रकार दिसतात. कोणता घ्यावा?

छोट्या फुलांचा म्हणजे जुना प्रकार. फांद्या पेन्सिलीइतक्या किंवा त्याहून थोड्या जाड, पानं लहान, फूल एक-दीड सेंटिमीटरचं, बहुतेक लाल. मोठ्या फुलांचे ते थायलंडमध्ये तयार झालेले संकर. त्यांचं खोड जाड, पानं लांबट, आणि फूल चार-पाच सेंटिमीटरपर्यंत जातं. गुलाबी, पिवळा, पांढरट, दोन रंगांची किनार असलेला, अशा बऱ्याच छटा मिळतात.

ग्रिल पावसात थेट भिजत असेल आणि वर काहीच आडोसा नसेल तर जुना लाल प्रकार घ्या. तो आपला पावसाळा बऱ्यापैकी सोसतो. थाई प्रकार दिसायला देखणा, पण त्याची मुळं आणि खोड लवकर कुजतात. छप्पर किंवा वरच्या मजल्याचा स्लॅब डोक्यावर असेल तरच तो घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घेताना काय बघायचं?

फुलांकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी खोड मातीला जिथे टेकतं तिथे अंगठ्याने दाबा. ते घट्ट लागलं पाहिजे. दबलं, पाणचट लागलं किंवा तिथे काळपट पट्टा दिसला तर ते झाड घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. मग फांदी किंचित हलवा. झाड कुंडीत डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत किंवा गेलेली आहेत. पानांच्या बगलेत आणि काट्यांच्या बुडाशी पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड, दिसतो का तेही बघा.

खरेदी ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत करावी. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत जुलै-ऑगस्टमध्येही फुललेली झाडं मिळतात, पण ती शेडखाली वाढलेली असतात. घरी आणून उघड्या ग्रिलमध्ये ठेवली की आठवड्याभरात पानं टाकतात आणि तो महिना पुन्हा उभं राहण्याचा नसतो.

किती ऊन लागतं आणि कुठल्या दिशेची बाल्कनी चालते?

रोज किमान चार तास थेट ऊन हवं. सहा तास मिळालं तर उत्तम. चारच्या खाली गेलात की झाड जगतं, पण फुलं कमी होतात आणि फांद्या लांब, वाकड्या, विरळ पानांच्या होतात.

पूर्वेची बाल्कनी चालते. पश्चिमेची त्याहून चांगली, फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर मातीची कुंडी इतकी तापते की ग्रिलच्या लोखंडाला टेकलेल्या बाजूची मुळं भाजतात. कुंडीखाली लाकडी पट्टी ठेवली की हा प्रश्न सुटतो.

दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ठाणे आणि नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जी दक्षिण बाल्कनी डिसेंबरात उन्हाने भरून जाते, तिथे मेअखेरीस थेट ऊन जवळजवळ येतच नाही, आणि पाठोपाठ ढग लागतात. ‘अचानक फुलं बंद झाली’ ही मेअखेरची तक्रार बऱ्याचदा यामुळे असते. तेव्हा खत वाढवू नका, शक्य असेल तर कुंडी पूर्वेला हलवा.

उत्तरेच्या बाल्कनीत हे झाड लावू नये.

शेडमधून आणलेलं झाड एकदम पूर्ण उन्हात ठेवलं तर पानं पांढरट भाजतात. पहिले पाच-सहा दिवस फक्त सकाळचं ऊन द्या, मग जागेवर ठेवा.

कुंडी कोणती आणि केवढी?

मातीची, साधी, रंग न लावलेली. बाहेरून ऑइलपेंट मारला की तिचा श्वास बंद होतो आणि मग ती प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा फारशी वेगळी राहत नाही. नव्या झाडाला ६ इंची, दोन-तीन वर्षांच्या झुडपाला ८ इंची, आणि फार तर १० इंची. मोठ्या कुंडीत झाड मोठं होईल या हिशेबाने १२ इंची कुंडी घेतली तर मुळं जिथपर्यंत पोचलेली नाहीत ती माती ओलीच राहते, आणि कूज तिथूनच सुरू होते.

तळाला बोटभर रुंदीचं एक भोक किंवा लहान तीन. ग्रिलमध्ये ठेवत असाल तर वजनाचाही विचार करा. ८ इंची मातीची कुंडी भिजल्यावर सहा-सात किलोपर्यंत जाते. ती तारेने ग्रिलला बांधा आणि खालच्या मजल्यावर पाणी ठिबकत नाही ना ते बघा.

माती कशी बनवायची?

इथे घाई करू नका. नुसती लाल माती आपल्या पावसात दोन महिन्यांत घट्ट बसते, तिच्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरतात. नुसतं कोकोपीट त्याहून वाईट: जुलैत ते आठवडाभर ओलं राहतं, आणि मेमध्ये एकदा कडक वाळलं की पाणी आत घेतच नाही, पाणी कडेने वाहून खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो.

८ इंची कुंडीसाठी एक लिटरच्या मगाने मोजून घ्या:

२ मग जाडसर भर: विटांचे हरभरा ते वाटाण्याएवढे तुकडे, किंवा बांधकामाची बारीक खडी, किंवा दोन्ही मिळून.
दीड मग लाल माती, ढेकळं फोडून.
अर्धा मग जुनं, भुसभुशीत गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत.
एक मोठा चमचा निंबोळी पेंड.

पावसात थेट भिजणाऱ्या ग्रिलसाठी भर अडीच मग आणि माती एक मग करा.

भर चाळून घेणं अगदी आवश्यक आहे. विटा फोडल्या की बरीच पूड होते, खडीबरोबर दगडाची भुकटी येते. ही पूड पाण्याबरोबर खाली जाऊन कुंडीच्या भोकापाशी सिमेंटसारखी बसते. गहू चाळायच्या चाळणीत भर चाळा, खाली पडलेलं टाकून द्या, वर उरलेलं बादलीत दोन पाण्यांनी धुवा. वाळू वापरायची असेल तर ती जाड आणि गोड्या पाण्याची हवी. खाडीच्या वाळूत मीठ असतं, ती कितीही धुतली तरी वापरू नये.

तळाला विटांचा जाड थर घालण्याची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. माती पूर्ण भरून निथळेपर्यंत ते सीमेवर अडून राहतं. परिणामी ओला पट्टा आणखी वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर डासांच्या जाळीचा चौकोनी तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा.

भरून झाल्यावर तपासा. कुंडी एकदा भिजवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा एक लिटर पाणी ओता. पाणी वर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त साचलं तर मिश्रण चुकलं आहे. सगळं काढून आणखी अर्धा मग भर मिसळा. हे काम मार्चमध्ये करायचं असतं, जूनमध्ये नाही.

पाणी किती दिवसांनी द्यायचं?

दिवस मोजून नाही, माती बघून. आइसक्रीमची लाकडी काडी कुंडीच्या कडेने दोन-अडीच इंच खोल खुपसा, दोन मिनिटांनी काढा. काडी ओली किंवा काळसर निघाली तर पाणी नको. कोरडी निघाली तर द्या, आणि देताना खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. रोज कपभर पाणी घालण्याने वरचा इंचभर ओला राहतो आणि खालची मुळं सुकतात.

तरी अंदाज म्हणून ८ इंची मातीच्या कुंडीला असं प्रमाण पडतं: डिसेंबर ते फेब्रुवारी पाच ते सात दिवसांनी, मार्चला तीन-चार, एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांनी, आणि पश्चिमेच्या ग्रिलमध्ये वारा असेल तर कधी रोज सकाळी. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा तीन-चार दिवसांनी.

वाळवंटी झाड म्हणून एप्रिल-मेमध्ये त्याला तहानलेलं ठेवणं ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. ते मरत नाही, पण जगण्यासाठी पानं टाकतं, आणि पानं गेली की फुलंही थांबतात.

पाणी सकाळी द्या, मुळाशी द्या. संध्याकाळी पानांवर शिंपडू नका.

सोसायटीत बोअरचं पाणी येतं. चालेल का?

खाडीलगतच्या भागात बोअरचं पाणी अनेकदा मचूळ असतं. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं आणि पानांच्या टोकाला तपकिरी करपलेली किनार दिसली तर क्षार साचले आहेत. जमेल तेव्हा नळाचं पाणी वापरा. नाहीच जमलं तर महिन्यातून एकदा ८ इंची कुंडीतून आठ-दहा लिटर नळाचं पाणी सावकाश ओतून निथळू द्या, क्षार धुऊन निघतात. हे पावसाळ्यात करायची गरज नाही.

पावसाळ्यात याला कसं वाचवायचं?

ठाण्यात चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मादागास्करच्या नैऋत्य टोकाकडच्या काटेरी रानात वर्षभरात पाचशेच्या आतच पडतो. पण नुसत्या पाण्याने हे झाड मरत नाही. सलग ओली माती, उन्हाचा अभाव आणि हवेतला दमटपणा हे तिन्ही एकत्र आले की मरतं. त्यातली माती आणि जागा आपल्या हातात आहेत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ही कामं उरकून घ्या. कुंडीखालची ताटली काढा. ती राहिली तर कुंडी पाण्यात उभी राहते आणि डेंग्यूचे डासही होतात. कुंडी दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर उचला, म्हणजे भोक मोकळं राहील. खिळ्याने भोकातून आत टोचून बघा, मुळांनी किंवा चिखलाने बंद झालं असेल तर मोकळं करा. वरच्या मातीवर पडलेली जुनी पानं आणि फुलं वेचून काढा, त्यावर अर्धा इंच धुतलेली खडी पसरा, म्हणजे खोडाचा बुडखा ओल्या मातीला टेकून राहणार नाही. आणि या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत खत, छाटणी, कुंडीबदल, सगळं बंद.

कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला असेल तर आत भिंतीकडे सरकवा. ग्रिलला वर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेटची शीट असेल तर निम्मं काम झालं, पण नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकडच्या बाजूला आणि उंच मजल्यांवर पाऊस आडवा येतो, तिथे शीटचा उपयोग मर्यादित असतो. झाकण्यासाठी झाडावर प्लॅस्टिकची पिशवी कधीही चढवू नका. आतली हवा कोंडते आणि बुरशी दोन दिवसांत येते.

आडोशाला असलेल्या कुंडीला पावसाळ्यातही पाणी लागतं, आठ-दहा दिवसांनी एकदा, काडीने तपासून. ‘पाऊस चालू आहे’ म्हणून महिनाभर पाणीच न देणं हेही होतं.

सडलेली फुलं रोज किंवा दिवसाआड चिमट्याने काढा. ती फांदीला चिकटून कुजली की तिथून फांदीचा शेंडा काळा पडतो.

पावसाळ्यात काही पानं पिवळी होऊन गळणारच. खालची, जुनी पानं एकेक करून गेली तर चिंता नको. सगळी पानं तीन-चार दिवसांत एकदम पिवळी पडून लोंबायला लागली, शेंडे मऊ झाले, तर मुळं कुजली आहेत असं समजा आणि त्याच दिवशी हात घाला.

बुडखा मऊ पडला आहे. झाड वाचेल का?

झाड वाचेलच असं नाही, पण त्याच्या फांद्यांपासून नवीन झाड नक्की करता येतं. कुंडीतून बाहेर काढा. मुळं तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल निघून आतला दोरा हातात राहतो, अशी असतील तर ती गेली. पांढरट, घट्ट मुळं उरली असतील तेवढी ठेवा, बाकीची कापा.

कूज खोडात चढली असेल तर खालून वर अर्धा-अर्धा इंच काप घेत जा. कापलेल्या गाभ्यात तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसते तोवर कापत राहा. चकचकीत पांढरट-हिरवा गाभा आणि भरपूर चीक दिसला की थांबा. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर कूज तुम्हीच वर नेता. उरलेली निरोगी फांदी खाली सांगितल्याप्रमाणे काडी म्हणून लावा.

नुसती मुळं थोडी गेली असतील आणि खोड घट्ट असेल तर झाड दोन दिवस सावलीत उघडं सुकू द्या आणि कोऱ्या मिश्रणात लावा. आठवडाभराने मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून एकदा मुळाशी द्या. दुकानात अनेकदा कार्बेन्डाझिम हे दुसरं बुरशीनाशक हातात दिलं जातं. पावसाळी मूळकूज करणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जीवांवर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून पैसे त्यात घालवू नका.

सगळी पानं गेली, फक्त काटे उरले. मेलं का?

फांदीवर नखाने हलकं खरवडा. आत हिरवं आणि चीक आला तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं आणि चीक नाही, तर तेवढी गेली. वरून खाली येत तपासत जा, फांदी शेंड्याकडे मेलेली आणि बुडाशी जिवंत अशीही असते.

जिवंत पण निष्पर्ण झाडाला पाणी वाढवू नये. पानंच नाहीत तर ते पाणी ओढणार कसं? उन्हात ठेवा, माती पूर्ण वाळल्यावरच थोडं पाणी द्या. ऑक्टोबरचं ऊन मिळालं की दोन-तीन आठवड्यांत शेंड्यांना पोपटी ठिपके दिसतात.

झाड तजेलदार आहे, पण फुलं का येत नाहीत?

पहिलं कारण ऊन, त्याबद्दल वर लिहिलं आहे. दुसरं म्हणजे नत्र जास्त झालं. स्वयंपाकघरातल्या कंपोस्टचे मूठ-मूठ हप्ते दर आठवड्याला मिळणाऱ्या झाडाची पानं मोठी, गडद हिरवी होतात, फांद्या फोफावतात आणि फुलं विसरली जातात. कंपोस्ट दोन महिने थांबवा. तिसरं, फुलं नव्या वाढीवरच येतात. चार-पाच वर्षं न छाटलेल्या झाडाला नवी वाढ फक्त शेंड्यावर असते, म्हणून तिथेच दोन झुपके दिसतात. त्याला छाटणीच लागते. कुंडी गरजेपेक्षा मोठी असेल तर झाड आधी मुळं पसरवत राहतं, हेही कारण असू शकतं.

खत कोणतं?

ऑक्टोबरच्या मध्यात आणि फेब्रुवारीत ८ इंची कुंडीला एक मूठ गांडूळखत, वरच्या मातीत हलकं मिसळून. त्याबरोबर ऑक्टोबर ते मे दर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), एक ग्रॅम प्रति लिटर, ओल्या मातीतच. फुलांसाठी डिसेंबर-जानेवारीत एक-दोन वेळा त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात. एवढं पुरतं. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं तर मुळं करपतात.

छाटणी कधी आणि कशी?

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. तेव्हा हवा कोरडी असते, जखमा लवकर सुकतात आणि नव्या फुटव्यांना पावसाआधी अडीच महिने मिळतात.

जाड चामड्याचे हातमोजे घाला, हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगसाठी मिळतात तसे. बागकामाचे कापडी मोजे काटा सहज भेदतो. डोळ्यांना चष्मा किंवा गॉगल हवाच. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. कात्री धारदार हवी, स्पिरिटने पुसलेली. काप पानाच्या जुन्या खुणेच्या किंचित वर, तिरका द्या. चीक वाहू लागला की स्प्रेच्या बाटलीतून गार पाणी मारा, मिनिटभरात थांबतो. टाइल्सवर सांडलेला चीक वाळला की खरवडावा लागतो, म्हणून खाली वर्तमानपत्र पसरा.

प्रत्येक कापाखाली दोन ते तीन फुटवे येतात. खालून उघड्या पडलेल्या उंच झाडाला झुडपाचा आकार द्यायचा तर दोन वर्षांत दोन टप्प्यांनी छाटा.

काडी लावून नवं झाड कसं करायचं?

मोसम फेब्रुवारी ते एप्रिल, किंवा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. चार-पाच इंचांचा शेंडा घ्या, ज्याची साल हिरवटपणा सोडून करडी व्हायला लागली आहे असा. खालची पानं आणि फुलं काढा. कापलेलं टोक गार पाण्यात बुडवून चीक थांबवा. मग सावलीत, हवेशीर जागी उभी किंवा आडवी ठेवून पाच ते सात दिवस सुकवा. टोकावर कोरडी, घट्ट खपली धरली पाहिजे. लोक हीच पायरी गाळतात आणि काडी बुडातून कुजते.

चार इंची कुंडीत निम्मी जाड वाळू आणि निम्मी चाळलेली विटेची भर घ्या. काडी दीड इंच आत खोचा. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी, थोडंसं. त्यानंतर माती वाळत आली की हलका ओलावा. गुलाबासारखी वर पिशवी बांधायची नाही. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. ओढून बघू नका. शेंड्याला नवं पान आलं की समजा.

काट्यांच्या झाडाची कुंडी कशी बदलायची?

दोन वर्षांतून एकदा, मार्चमध्ये. आदल्या तीन-चार दिवसांत पाणी देऊ नका, गड्डा आकसतो आणि सहज सुटतो. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे तळहाताएवढे तुकडे करा आणि ते फांद्यांवर दाबून काट्यांत रुतवा. काटे झाकले जातात आणि धरायला जागा मिळते. फांद्या एकत्र करायला जुन्या चादरीची पट्टी सैल गुंडाळा, दोरी सालीत रुतते.

कुंडी आडवी करून कडेने थापटा, झाड ओढू नका. जुनी माती एक तृतीयांश सोडवा, काळी मुळं कापा, नव्या मिश्रणात खोड पूर्वी होतं तितक्याच खोलीवर बसवा. पाणी चार-पाच दिवसांनी.

चीक अंगाला लागला किंवा डोळ्यात गेला तर?

त्वचेला लागला तर लगेच साबण आणि पाण्याने धुवा. नुसत्या पाण्याने चीक नीट निघत नाही. काहींना लालसर चट्टे येतात, फोडही येतात. तो हात डोळ्याला लावू नका.

डोळ्यात गेला तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आग कमी झाली तरी. बुबुळाला होणारी इजा काही तासांनी वाढते. झाडाचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना दाखवा. गुलाबपाणी, दूध, घरातले जुने ड्रॉप्स यातलं काही घालू नका.

लहान मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाच्या आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये. पान चावलं गेलं तर तोंड धुवा आणि डॉक्टरांना विचारा, उलटी करवू नका.

पांढरा कापूस दिसतोय. साबणाचं पाणी फवारू का?

या झाडावर नको. पिठ्या ढेकणासाठी साबणाचं पाणी सर्रास सुचवतात, पण साबणाच्या द्रावणाने इजा होणाऱ्या झाडांत युफोर्बिया मिलीचं नाव आहे. पानं डागाळतात, गळतात. कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेका पुंजक्याला लावा, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. काट्यांच्या बेचक्यांत खास बघा. मुंग्यांची रांग दिसली तर आधी ती बंद करा, कारण मुंग्याच हे किडे फांदीवरून फांदीवर नेतात. नीमतेल वापरायचंच असेल तर एका फांदीवर मारून दोन दिवस वाट बघा, आणि उन्हात कधीच नको.

एप्रिल-मेमध्ये पानं मातकट, ठिपकेदार होऊन खाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी नावाची कीड. आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालून जोरात पाण्याची फवारणी पुरते, मात्र दुपारपर्यंत पानं सुकली पाहिजेत.

घरात, एसीत, ऑफिसच्या टेबलावर चालेल का?

नाही. महिन्याभरात पानं टाकेल.

काटेरी झाड घरात ठेवणं अशुभ मानतात ना?

श्रद्धा ज्याची त्याची. थायलंडमध्ये हेच झाड भाग्याचं मानून दाराशी ठेवतात आणि एका झुपक्यात आठ फुलं आली तर विशेष शुभ समजतात. आमचा सल्ला व्यवहारातला आहे: ये-जा होते त्या वाटेवर, दाराच्या चौकटीशी किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवू नका.

सोसायटीच्या बागेत जमिनीत लावता येईल का?

येईल, पण सपाट वाफ्यात नाही. फूटभर उंच केलेल्या वाफ्यात, पाण्याचा निचरा बाहेरच्या गटाराकडे होईल असा उतार ठेवून, दीड फुटाच्या अंतराने. जुना लाल प्रकारच लावा. कंपाउंडच्या भिंतीलगत चांगली कुंपणझाडं होतात. मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब ठेवा, आणि माळी रोज पाइपने सगळी बाग भिजवत असेल तर हा वाफा त्यातून वगळायला त्याला सांगा.

मेमध्ये दोन आठवडे गावी जायचं आहे. काय करू?

निघायच्या दिवशी सकाळी निथळेपर्यंत पाणी द्या, कुंडी दुपारच्या उन्हातून काढून फक्त सकाळचं ऊन येईल अशा जागी ठेवा, आणि वरच्या मातीवर खडीचा थर द्या. ताटलीत पाणी भरून ठेवू नका. परत आल्यावर काही पानं गळलेली असतील. एकदा पूर्ण पाणी द्या, मग पुन्हा काडीने तपासूनच. पण सुट्टी जूनमध्ये लांबणार असेल तर शेजाऱ्यांना कुंडीला पाणी घालायला सांगण्याऐवजी, पहिला पाऊस आला की ती आडोशाला सरकवायला सांगून ठेवा.